निसर्गसंरक्षण आणि आंतरराष्ट्रीय निधी

निसर्गसंरक्षण आणि आंतरराष्ट्रीय निधी : वन्य प्राणी, वनस्पती व त्यांचे अधिवास यांच्या रक्षणासाठी एका देशात वर्गणी, देणग्या व अनुदाने गोळा करून ती दुसऱ्या देशातील कामावर खर्च करणाऱ्या, नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांचे कार्य. अशा संस्थांचा उदय मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. जागतिक वन्यजीव निधी (१९६१) ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध संस्था होय. तिची भारतीय शाखा १९६९ मध्ये निघाली व तिचे पहिले मुख्य कार्यालय मुंबईस होते. मुंबई बंदराच्या पलीकडील कुलाबा (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) जिल्ह्यात, विशेषतः पेण व रोहे तालुक्यांत, डोंगरउतारावरील वने, खाडीकाठची कांदळवने आणि भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातखाचरे ही तिन्ही शेजारीशेजारी आहेत. त्यामुळे बाहेरून येणारा पैसा, सरकारी कायदा व गावकऱ्यांचा जुना वहिवाटीचा हक्क यांचा परस्परसंबंध या परिसरात स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

पूर्वपीठिका : निसर्गाची राखण आणि तिचा खर्च या दोन्ही गोष्टी कोकणात पूर्वीपासून गावपातळीवर चालत. देवराईतील झाड न तोडण्याचा दंडक देवाच्या नावे पाळला जाई. पेण व अलिबाग भागांतील खाडीकाठी खाऱ्या जमिनीवर मातीचे बांध घालून भातशेती करण्याची पद्धत होती. असा बांध स्वखर्चाने घालून जमीन लागवडीस आणणाऱ्यास शिलोत्रीदार म्हणत. बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून बिघ्यामागे ठराविक धान्य घेतले जाई. बांधाला खांड पडली, तर समुद्राचे पाणी सर्वांच्याच खाचरांत शिरे; त्यामुळे धान्य देणारा, काम करणारा आणि नुकसान सोसणारा ही माणसे एकाच शिवारातील असत. मुंबई राज्याने १९५५ च्या कायद्याने कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क रद्द केले. खाजण जमिनींच्या विकासासाठी त्याआधी १९४८ मध्ये कायदा झाला होता व १९७९ मध्ये महाराष्ट्र राज्याने नवा खारजमीन विकास कायदा केला. बांधांची जबाबदारी अशा रीतीने गावाकडून बव्हंशी सरकारकडे गेली.

वनांच्या बाबतीत हे स्थित्यंतर आधीच घडले होते. १८७८ च्या वन कायद्यान्वये ब्रिटिश सरकारने मोठे क्षेत्र राखीव केले. डोंगरातील कातकरी व ठाकूर यांच्या लाकूडतोडीवर, काताच्या व कोळशाच्या धंद्यावर आणि फिरत्या शेतीवर निर्बंध आले. या असंतोषाला १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वाट मिळाली. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मृत्यू पावली. मुरूडच्या बाजूस जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. तेथे वन टिकले, मात्र ते एका राजघराण्याच्या करमणुकीसाठी. ‘राखीव वन’ म्हणजे आपणास बंदी, ही समजूत या भागातील लोकांच्या मनात अशा दोन्ही मार्गांनी रुजली. पुढील काळातील संरक्षणकार्याला या समजुतीची पार्श्वभूमी आहे.

निसर्गाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपराही याच सुमारास सुरू झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. प्रारंभी शिकारी व हौशी संग्राहक यांचे तीत प्राबल्य होते. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी अलिबागजवळील किहीम येथे १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या वीणव्यवहाराचा केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. जिवंत पक्ष्याचे त्याच्या अधिवासात निरीक्षण करण्याच्या या पद्धतीने भारतातील पुढील संशोधनास वळण दिले. सोसायटी ही अभ्यासकांची संस्था होती. संरक्षणासाठी मोठा पैसा उभा करण्याची यंत्रणा मात्र तिच्याजवळ नव्हती.

जागतिक वन्यजीव निधीची स्थापना : निसर्गसंरक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ १९४८ मध्ये स्थापन झाला. सरकारे व संस्था त्याचे सभासद होते. त्याच्याजवळ शास्त्रज्ञ होते, पण पैसा नव्हता. १९६० मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सर जूल्यन हक्सली (१८८७–१९७५) यांनी पूर्व आफ्रिकेचा दौरा केला व तेथील वन्य प्राण्यांच्या ऱ्हासासंबंधी लंडनच्या ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात लेख लिहिले. ते वाचून व्हिक्टर स्टोलान या व्यावसायिकाने, या कामासाठी आंतरराष्ट्रीय निधी उभारावा, अशी सूचना हक्सली यांना पत्राने केली. मॅक्स निकल्सन व पीटर स्कॉट यांनी ती उचलून धरली. २९ एप्रिल १९६१ रोजी स्वित्झर्लंडमधील मॉर्झ येथे जाहीरनामा तयार झाला आणि ११ सप्टेंबर १९६१ रोजी संस्थेची स्विस कायद्यानुसार विश्वस्त निधी म्हणून नोंदणी झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील चि-चि या पांडावरून संस्थेचे बोधचिन्ह ठरविण्यात आले. काळ्या-पांढऱ्या रंगांत छापण्यास ते स्वस्त पडे, हेही त्यामागील एक कारण होते. १९८६ मध्ये संस्थेचे नाव बदलून ‘निसर्गासाठी जागतिक निधी’ असे करण्यात आले. अमेरिका व कॅनडा या देशांतील शाखांनी मात्र जुने नाव कायम ठेवले.

निधीची उभारणी व विनियोग : अशा संस्थेच्या उत्पन्नाचे सामान्यतः चार मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे असंख्य लोकांच्या लहान वर्गण्या. ब्रिटनमधील डेली मिरर या खपाऊ वृत्तपत्राने ऑक्टोबर १९६१ मध्ये गेंड्याचे छायाचित्र छापून आवाहन केले, तेव्हा वाचकांनी काही दिवसांतच हजारो पौंड पाठविले. दुसरा मार्ग मोठ्या देणग्यांचा. १९७०-७१ मध्ये ‘१००१’ नावाचा न्यास उभारण्यात आला. एक हजार धनिकांनी प्रत्येकी दहा हजार डॉलर द्यावयाचे आणि संस्थेचे अध्यक्ष, नेदर्लंड्सचे प्रिन्स बर्नहार्ट हे एक हजार एकावे, अशी ही योजना होती. मूळ रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नातून आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा खर्च भागविण्यात येऊ लागला. त्यामुळे सामान्य वर्गणीदाराचा पैसा कचेरीवर खर्च न होता प्रत्यक्ष कामावर खर्च होतो, असे संस्थेस सांगता आले. तिसरा मार्ग कंपन्यांशी करार करून त्यांना बोधचिन्हाचा वापर करू देण्याचा, तर चौथा सरकारांच्या व आंतरराष्ट्रीय बँकांच्या अनुदानांचा. पहिल्या दोन दशकांनंतर शेवटच्या दोन मार्गांचे महत्त्व वाढले.

प्रत्येक देशातील शाखा ही स्वतंत्र न्यास असते. ती जमा केलेल्या पैशांचा एक हिस्सा स्वदेशातील कामासाठी ठेवून उरलेला आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे पाठविते. कामाची निवड प्रारंभी निसर्गसंरक्षण संघाच्या शास्त्रीय सल्ल्याने होई. मागणी अर्जाच्या रूपाने येते. तीत उद्दिष्ट, मुदत, खर्चाचे अंदाजपत्रक व अपेक्षित फळ यांचा तपशील असतो. मंजुरीनंतर पैसा हप्त्यांनी दिला जातो आणि अहवाल व हिशेब पाहून पुढील हप्ता सुटतो. बहुतेक प्रकल्पांची मुदत एक ते पाच वर्षांची असते. वने वाढण्यास व प्राण्यांची संख्या सावरण्यास लागणारा काळ याहून कितीतरी अधिक असल्याने ही मुदत या पद्धतीची कायमची मर्यादा ठरली आहे.

खर्चाच्या पद्धतीही बदलत गेल्या. पहिल्या दशकात जमीन विकत घेणे, रक्षकांसाठी वाहने व साधने पुरविणे आणि विशिष्ट प्राण्यांची पाहणी करणे यांवर भर होता. स्पेनमधील ग्वादलकिव्हीर नदीच्या दलदलीतील जमीन १९६३ मध्ये अशाच खरेदीने राखण्यात आली. तेथे पुढे दोन्याना राष्ट्रीय उद्यान झाले. १९८० च्या जागतिक संरक्षण धोरणाने निसर्गरक्षण व मानवी विकास यांची सांगड घातली आणि स्थानिक लोकांच्या उपजीविकेवरील खर्च हा संरक्षणाचाच भाग मानला जाऊ लागला. १९८४ मध्ये टॉमस लव्हजॉय यांनी कर्जाच्या बदल्यात निसर्गरक्षणाची कल्पना मांडली. कर्जबाजारी देशाचे रोखे सवलतीत विकत घ्यावयाचे आणि त्या बदल्यात त्या देशाने आपल्या चलनात वनांवर खर्च करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. १९८७ मध्ये बोलिव्हियात ती प्रथम अमलात आली.

भारतातील शाखा : निसर्गसंरक्षण संघाचे दहावे महाअधिवेशन नोव्हेंबर १९६९ मध्ये नवी दिल्लीस भरले. त्याच वेळी, २७ नोव्हेंबर १९६९ रोजी, जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा सार्वजनिक न्यास म्हणून स्थापन झाली. बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड हे तिचे पहिले अध्यक्ष व झफर फत्तेअली हे मानद सचिव होते. फत्तेअली यांचे कुटुंब किहीमशी निगडित होते आणि पक्षिनिरीक्षकांचे एक नियतकालिक ते अनेक वर्षे चालवीत. त्यामुळे प्रारंभीच्या काळात या शाखेचा व बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा निकट संबंध राहिला. निसर्गशिबिरे, शालेय निसर्गमंडळे, भित्तिचित्रे व शुभेच्छापत्रांची विक्री अशा मार्गांनी मुंबई, पुणे व कोकणातील मध्यमवर्गात तिने निसर्गाविषयी आस्था निर्माण केली. संस्थेचे मुख्य कार्यालय पुढे दिल्लीस गेले. मुंबईपासून ६० किमी. अंतरावरील कर्नाळा पक्षी अभयारण्य (१९६८) व त्यापलीकडील पेण-रोह्याचे डोंगर ही शिबिरार्थींची जवळची ठिकाणे होती.

व्याघ्र प्रकल्प : आंतरराष्ट्रीय निधी आणि राष्ट्रीय धोरण यांच्या संयोगाचे सर्वांत महत्त्वाचे भारतीय उदाहरण म्हणजे व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे आढळले. त्याच वर्षी निधीचे विश्वस्त गाय माउंटफर्ट यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली व दहा लाख डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले. डॉ. करणसिंग यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने आराखडा तयार केला, वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) संमत झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांत प्रकल्प सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. परदेशी मदत बव्हंशी वाहने, बिनतारी संदेशयंत्रे इ. साधनांच्या रूपाने आली. जमीन, कर्मचारी व त्यांचे वेतन यांचा भार केंद्र व राज्य सरकारांनी उचलला. म्हणजे आंतरराष्ट्रीय निधीचे खरे मूल्य रकमेपेक्षा तिने निर्माण केलेल्या दडपणात व प्रतिष्ठेत होते.

या यशाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न पुढे विचारला जाऊ लागला. गाभाक्षेत्रातील गावे हलविणे हा आराखड्याचा भाग होता. मेळघाटातील कोरकू वस्त्यांचे स्थलांतर दीर्घकाळ चालले आणि त्यांच्या चराई, मध, डिंक इ. हक्कांवर मर्यादा आल्या. राजस्थानातील सरिस्का येथील सर्व वाघ नष्ट झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा नेमलेल्या कृतिदलाने केवळ बंदुकीच्या व कुंपणाच्या जोरावर वाघ वाचणार नाही, स्थानिक लोकांना त्यात वाटा हवा, असे मत नोंदविले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ मध्ये झाला. २०२२ च्या अंदाजानुसार देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आहे. १९७२ व २०२२ च्या गणनेच्या पद्धती वेगळ्या असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि वाघ वाचला, ही गोष्ट निर्विवाद होय.

परकीय पैशाविषयी शंका व कायदा : निसर्गसंशोधनास परदेशातून येणाऱ्या पैशाविषयी भारतात १९७० नंतर संशय व्यक्त होऊ लागला. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षिस्थलांतराच्या अभ्यासास १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे व पुढे अमेरिकन सैन्याशी संबंधित एका रोगसर्वेक्षण योजनेचे साहाय्य मिळाले होते. पक्ष्यांबरोबर येणाऱ्या जंतूंच्या माहितीचा उपयोग युद्धासाठी होईल, अशी भीती व्यक्त झाली. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात या व अशा इतर सहकार्य योजनांची चिकित्सा केली. अभ्यासकांचा हेतू शुद्ध असला, तरी देणाऱ्याचा हेतू वेगळा असू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होता.

परकीय अंशदानाचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेस ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आली आणि अशी रक्कम प्रथम दिल्लीतील एकाच बँकशाखेत स्वीकारण्याचे बंधन आले. मोठ्या संस्थेने परदेशातून निधी आणावयाचा व गावातील लहान संस्थेने तो वापरावयाचा, ही प्रचलित पद्धत त्यामुळे बंद झाली. दुसरीकडे, कंपनी कायद्यान्वये (२०१३) विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झाले व पर्यावरणरक्षणाचा त्यात समावेश आहे. रोह्याजवळील धाटावसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या परिसरात या देशी पैशाचे महत्त्व वाढले आहे.

फणसाड व गिधाडे : जंजिऱ्याच्या नबाबाचे पूर्वीचे शिकारीचे रान अंतर्भूत असलेले फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. ते मुरूड व रोहे तालुक्यांत पसरलेले आहे. समुद्रापासून जवळ असूनही तेथे निमसदाहरित वन टिकून आहे. उन्हाळ्यातही पाणी राहणाऱ्या जागांना तेथे ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण ही त्यांची उदाहरणे होत. शेकरू, बिबट्या, सांबर व अनेक जातींची फुलपाखरे येथे आढळतात.

पांढऱ्या पाठीचे गिधाड (जिप्स बेंगालेन्सिस) एके काळी कोकणातील गावोगाव दिसे. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या सु. ९९.९ टक्क्यांनी घटली. कारणाचा शोध हा आंतरराष्ट्रीय सहकार्याचा उत्तम नमुना होय. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूर येथे ऱ्हासाची नोंद केली. अमेरिकेतील पेरेग्रिन फंड या संस्थेच्या मदतीने पाकिस्तानात झालेल्या संशोधनात लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी, गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत्यूस कारण असल्याचे दाखविले (२००४). ब्रिटनमधील रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स या १८८९ मध्ये स्थापन झालेल्या व दहा लाखांवर वर्गणीदार असलेल्या संस्थेने, तसेच ब्रिटिश सरकारच्या डार्विन योजनेने, हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रास साहाय्य केले. २००६ मध्ये भारत सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित पर्यायी औषध उपलब्ध असल्याने ती व्यवहार्य ठरली. मानवी वापराच्या मोठ्या कुप्यांवर २०१५ मध्ये व कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी आली.

रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातील चिरगाव व श्रीवर्धनचा परिसर येथे गिधाडांच्या वसाहती टिकून राहिल्या. उंच वृक्षांवर, प्रसंगी माडांवरही, ती घरटी करतात. स्थानिक निसर्गमित्रांनी घरट्यांची नोंद ठेवणे, पडलेली पिले सांभाळणे व गावकऱ्यांची समजूत घालणे ही कामे केली. फणसाड अभयारण्यात वन विभागाने मृत जनावरे टाकण्याची जागा राखली असून तिला ‘गिधाडांचे उपाहारगृह’ असे नाव पडले आहे. गुरांची संख्या कमी होणे व मृत जनावरे पुरण्याची प्रथा वाढणे यांमुळे अन्नाची टंचाई हा वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. प्रयोगशाळेतील शोध परदेशी निधीतून, बंदी सरकारच्या आदेशातून आणि घरट्याची राखण गावातून, अशी कामाची वाटणी येथे दिसते. यांतील एकही दुवा निखळला असता, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग झाला नसता.

सह्याद्री व नवे निधी : नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये जैवविविधतेच्या संवेदनशील केंद्रांची संकल्पना मांडली, पश्चिम घाटाचा त्यांत पुढे समावेश झाला. त्यानंतर निधी एखाद्या प्राण्याऐवजी संपूर्ण भूप्रदेशासाठी देण्याकडे कल वाढला. २००० मध्ये स्थापन झालेल्या, जागतिक बँक, जागतिक पर्यावरण सुविधा, कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल, मॅकआर्थर प्रतिष्ठान इत्यादींच्या भागीदारीतील एका निधीने २००८ ते २०१५ या काळात पश्चिम घाटात सु. साठ लाख डॉलर गुंतविले. बंगलोरची अशोका ट्रस्ट ही संशोधनसंस्था त्याचे संयोजन करीत होती. सह्याद्री-कोंकण हा त्यातील एक पट्टा होता. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने देवराया व खासगी वने राखण्यासाठी जमीनमालकांशी करार केले. भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी संग्राहकांना हिरडा व बेहडा यांचा योग्य मोबदला मिळावा व वृक्ष उभे राहावेत, म्हणून तिने ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा वापर केला. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. फळाला भाव मिळाला, तर झाड वाचते व झाड वाचले, तर पक्षी वाचतो, असे या योजनेमागील सूत्र आहे. येथे देणगीची जागा व्यापार घेतो. मात्र परदेशी ग्राहकाची मागणी घटल्यास संरक्षणाचा पायाही डळमळतो.

पेणची खारजमीन व कांदळवने : धरमतर खाडीच्या काठी तिवर, चिपी इ. वृक्षांची दाट कांदळवने आहेत. मासे व खेकडे यांची पैदास तेथे होते आणि लाटांचा व वादळाचा जोर ती कमी करतात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस बंदी केली व मालकी कोणाचीही असली, तरी त्यांना संरक्षण दिले. २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष व २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान स्थापन केले.

जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प राबविला, त्यात खेकडापालन, कालवपालन व कांदळवन सफारी यांतून स्थानिकांना, विशेषतः स्त्रियांना, उत्पन्न मिळवून देण्याचे प्रयोग झाले. राज्य शासनाच्या २०१७ च्या उपजीविका योजनेने हे प्रयोग अन्य किनारी जिल्ह्यांत नेण्याचे ठरविले. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व ओडिशा या राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले.

पेण तालुक्यात मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बांधाची वेळेवर दुरुस्ती झाली नाही वा उघाडीची दारे निकामी झाली, की उधाणाचे पाणी भातखाचरांत शिरते. काही वर्षांत त्या जमिनीत तिवर उगवते. कायद्याने तिवर तोडता येत नाही. म्हणून सातबारावर शेतकऱ्याचे नाव असलेली जमीन प्रत्यक्षात त्याच्या हातून जाते. निसर्गशास्त्राच्या दृष्टीने ही अधिवासाची पुनर्स्थापना, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पिढीजात शेताचे बुडणे होय. दोन्ही विधाने खरी आहेत. या तालुक्यातील शेतकऱ्यांची जमिनीविषयीची भूमिका विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रसंगी दिसून आली होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने जनमत घेतले व शेतकऱ्यांनी मोठ्या बहुमताने भूसंपादनास विरोध नोंदविला. खाडीकाठचा मोकळा, ओला प्रदेश त्या वेळी टिकला तो संरक्षणनिधीमुळे नव्हे, तर शेती न सोडण्याच्या निर्धारामुळे.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय संस्थांनी भारतात वैज्ञानिक पाहणीची शिस्त, हिशेबाची व मूल्यमापनाची पद्धत आणि जागतिक मताचे पाठबळ आणले. वाघ व गिधाड यांच्या बाबतीत त्यांचे कार्य निर्णायक ठरले. त्यांचे दोषही दिसून आले आहेत. आकर्षक प्राण्यांना पैसा मिळतो व खाजण, कुरणे यांसारखे अधिवास मागे पडतात. मुदत संपली, की प्रशिक्षित माणसे दुसरीकडे जातात. आणि निर्णय देणाऱ्यास त्यांचे परिणाम भोगावे लागत नाहीत. साहाय्यप्राप्त रक्षकांनी आफ्रिका व आशियातील काही उद्यानांत स्थानिकांवर अत्याचार केल्याच्या आरोपांची, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर, जागतिक निधीने नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीकडून चौकशी करविली. समितीने २०२० च्या अहवालात, संस्थेने मानवी हक्कांविषयीची आपली वचने पुरेशी पाळली नसल्याचे नमूद केले.

शिलोत्रीच्या जुन्या व्यवस्थेत विषमता होती. ती रद्द होणे न्याय्य होते. परंतु जो खर्च देतो, जो राखण करतो व जो नुकसान सोसतो, त्यांचा एकमेकांशी रोजचा संबंध असावा, हे तिच्यातील तत्त्व टिकाऊ आहे. आंतरराष्ट्रीय निधीत हे तिघे हजारो किमी. अंतरावर असतात. ते अंतर कमी करण्यासाठी ग्रामसभेची संमती, वनहक्कांची मान्यता, नुकसान सोसणाऱ्यास भरपाई आणि मुदतीनंतरही चालणारा स्थानिक निधी या चार गोष्टी आवश्यक असल्याचे गेल्या सहा दशकांच्या अनुभवावरून दिसून येते. पेणच्या बुडालेल्या खाचरांचा मोबदला कोणी व कसा द्यावा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कोकण किनाऱ्यावरील संरक्षणाचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.